देवमाशाचं दर्शन



आज दृष्टान्त जरा लांबचा घेतो. आपण माण-खटावची, जत-आटपाडीची माणसं. पाण्याची वाट पाहण्यात जन्म गेला, आणि हा बुवा समुद्राच्या गोष्टी सांगतोय! हसा, पण ऐका.

आटपाडीकडचा सप्ताह उरकला, काल्याचा प्रसाद झाला आणि मंडळी म्हणाली, बुवा, एकदा मालवण करू. कोल्हापूर, फोंडा घाट, कणकवली करत गाडी पोचली. सिंधुदुर्ग किल्ल्यात शिवराजेश्वराचं दर्शन घेतलं. दुसऱ्या दिवशी उजाडता देवबागला होडीत बसलो. तिथं कर्ली नदी समुद्राला मिळते. त्या बाजूला डॉल्फिन येतात म्हणून लोक जातात.

होडीवाल्याला विचारलं, "दिसतील ना हो?"

तो म्हणाला, "सांगूक येवचा नाय, बुवा."

आता डॉल्फिन म्हणजे मासा नव्हे बरं का. तो देवमाशाच्या कुळातला. मादी पिल्लाला दूध पाजते. पाण्यात राहायचं, पण श्वास आपल्यासारखा हवेतला. तेवढ्यापुरतं वर यायचं, पाठ दिसते न दिसते तोच खाली. वर कुठं येईल, ते त्याच्या भक्ष्यावर आणि भरती-ओहोटीवर. पाण्याखाली तो आवाजावर वाट काढतो. आणि थोरला देवमासा? 2015 साली याच सिंधुदुर्गात, कुणकेश्वराजवळच्या समुद्रात निळा देवमासा अभ्यासकांना दिसला. 100 फुटांपर्यंत वाढणारा जीव, म्हणजे अडीच एसट्या एकामागं एक लावा! एवढं धूड, पण ठरवून कुणाच्या पुढ्यात येत नाही. नावातच देव, काय करणार!

तासभर हिंडलो. नुसतं पाणी. ऊन चढलं, दोघांना उलट्या झाल्या, कुरकूर सुरू झाली. आणि मायबाप, खोटं सांगत नाही, पहिला आवाज माझाच चढला. "पैसे मोजून घेतलेत, मग दाखवा की!" असं मी त्या गरिबाला बोललो. दर्शन विकत मिळत नाही, हे चाळीस वर्षं याच गादीवरून सांगणारा मी!

तेवढ्यात लांब काहीतरी काळं हाललं. चार होड्या इंजिनं ताणून तिकडं धावल्या. आमचाही गडी माझ्या बोलण्यानं धावला. धूर, गलका, मोबाईल वर. पोचलो तर काही नाही. आवाजावर जगणाऱ्या जीवावर आपण चार इंजिनं सोडली, तो थांबेल कशाला?

मी पुन्हा तोंड उघडणार, तर मागनं आमच्या टाळकऱ्याची म्हातारी आई म्हणाली, "बुवा, त्यो काय आपला गडी हाय व्हय, हाक मारली की यायला?"

मान खाली गेली माझी. होडीवाल्याला म्हटलं, भाऊ, चुकलो. तुमच्या मनाला येईल तसं करा.

त्यानं इंजिन बंद केलं. दुसऱ्या होड्या निघून गेल्या. लाटेवर नुसतं डुलत बसलो. कुणी बोलेना. किती वेळ गेला कोण जाणे. म्हातारीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तिला पाणी आणि आभाळ सारखंच. ती एकदम म्हणाली, "आला गं बाई!"

तिच्या पाठीमागं कुणीतरी दमून श्वास सोडावा तसा आवाज झाला होता. आम्ही डोळसांनी वळून बघितलं, तर पाण्यावर नुसतं वर्तुळ.

परतताना काठावर होडीवाल्याच्या हातावर ठरल्यापेक्षा थोडे जास्त ठेवले. तो घेईना. "दिसूक नाय तर कित्याक?" म्हणाला. म्हातारीनं त्याची मूठ मिटवली. "ह्यास्नी न्हाई दिसला. मला भेटला की."

तुम्ही जाणार असाल तर पावसाळ्याआधी जा, मग होड्या वर ओढतात. आणि होडीवाल्याला इंजिन बंद करायला आपणहून सांगा.

बोला, पुंडलिक वरदे हारी विठ्ठल!