डाळिंबाचे तेल आणि सोलापूरचे ऊन



एखादे प्रसाधन किती दिवस टिकेल हे ठरवण्यासाठी प्रयोगशाळेत एक कडक चाचणी घेतात. नमुना 40 अंश सेल्सिअस तापमानात आणि 75 टक्के आर्द्रतेत काही महिने ठेवतात. त्यातला दमटपणा सोडला, तर हे 40 अंश आपल्या ओळखीचे आहेत. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पारा चाळिशी ओलांडतो, आणि पत्र्याच्या खोलीत तर त्याहून वर जातो. दर दहा अंशांमागे रासायनिक क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो, असा रसायनशास्त्रातला ढोबळ ठोकताळा आहे. थंड देशातल्या कपाटाला धरून लिहिलेली मुदत आपल्या कपाटाला लागू पडेल, असे समजू नका.

‘क’ जीवनसत्त्वाचे सीरम आता इथल्या मुली पगारातून पैसे काढून घेतात. हे जीवनसत्त्व पाण्यात विरघळले की हवेतला ऑक्सिजन त्याच्या मागे लागतो. उष्णता, प्रकाश, लोह किंवा तांब्याचा अंशही ती क्रिया वाढवतो. स्वच्छ द्रावण आधी पिवळे पडते, मग तपकिरी. तपकिरी झालेली बाटली महाग होती म्हणून वापरत राहू नये. तिच्यातला कामाचा भाग बराचसा गेलेला असतो. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठाच्या शेल्डन पिनेल यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 मध्ये दाखवले की, ‘क’ आणि ‘ई’ जीवनसत्त्वांच्या द्रावणात अर्धा टक्का फेरुलिक आम्ल घातले, तर द्रावण अधिक टिकते आणि उन्हापासूनचे संरक्षण चौपटीवरून आठपटीवर जाते. हे फेरुलिक आम्ल ज्वारीच्या कोंड्यातही असते. मंगळवेढ्याच्या ज्वारीचा अभिमान बाळगणाऱ्यांना हे ठाऊक असावे, असे मला मनापासून वाटते.

आता आपल्या डाळिंबाकडे येतो. सोलापूरच्या केगावला 2005 पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, आणि सोलापूर डाळिंबाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. रस काढला की साल आणि बी उरते, आणि प्रसाधनांच्या धंद्याला नेमके तेच हवे असते. बियांच्या तेलात सर्वांत मोठा वाटा प्युनिसिक आम्लाचा. त्याच्या रेणूत एकाआड एक असे तीन दुहेरी बंध असतात. या तेलाचे वेगळेपण त्या बंधांमुळे आहे, आणि ऑक्सिजन पहिला घाव घालतो तोही त्यांच्यावरच. शेंगाचटणी उन्हाळ्यात उघडी राहिली की खवट होते, तसेच हे तेल खवटते, आणि शेंगतेलापेक्षा फार लवकर. म्हणून ते थंड ठिकाणी, गडद काचेत, शक्य तर वर नायट्रोजन भरून ठेवावे लागते. जोडीला ‘ई’ जीवनसत्त्व घालतात.

सालीची अडचण निराळी. तिच्यातले प्युनिकॅलाजिन पाण्यात हळूहळू फुटून एलॅजिक आम्ल तयार होते. ते पाण्यात फारसे विरघळत नाही, तळाशी बसते. सालीतल्या टॅनिनला लोखंड लागले तर रंग काळपट होतो. लोखंडी कढईत साल उकळून घरी लेप करणाऱ्यांनी हे पाहिले असेल. कारखान्यात स्टेनलेस स्टीलची भांडी वापरतात, आणि धातूचे कण बांधून ठेवणारे द्रव्य अत्यल्प प्रमाणात घालतात.

सांगोला-पंढरपूरकडच्या तरुणांनी या धंद्यात उतरावे, असे मला फार वाटते. पण घाणा घेण्याआधी साठवणुकीचा खर्च मांडा. ओली बी दिवसभर ढिगात पडली की ती आंबायला लागते. त्यामुळे ती त्याच दिवशी धुऊन, सावलीत किंवा कमी तापमानाच्या वाळवणीत सुकवायला हवी. तेलाच्या प्रत्येक घाण्याचे पेरॉक्साइड मूल्य, म्हणजे तेल किती खवटू लागले आहे ते सांगणारा आकडा, मोजा, तारीख घाला, आणि काही महिन्यांनंतर त्याच घाण्यातल्या राखून ठेवलेल्या बाटलीचे पुन्हा मोजा. हे आकडे ज्याच्याकडे असतील, त्याला गिऱ्हाइकासमोर तेलाचा दर्जा कागदावर दाखवता येईल.