रक्तात काय असतं?



खेळाडूच्या पोटी खेळाडू जन्मतो का, यावर मला बोलायला सांगितलंय. मी गोदीत ओझी उचलणारा माणूस, म्हणून सुरुवात गोदीतूनच करतो. एकदा मी भरलेली गोणी एका दमात खांद्यावर घेतली. मुकादम हसून म्हणाला, "तुझा बापपण असाच उचलायचा. तुमच्या रक्तातच हाय ते!" त्यानं कौतुकच केलं. पण ते वाक्य रात्रभर खांद्यात ठसठसत राहिलं.

हेच वाक्य दुसऱ्यांसाठी किती रुबाबात बोललं जातं बघा. इफ्तिखार अली पतौडी 1946 साली भारताचा कप्तान. त्याचा मुलगा मन्सूर अली 1962 साली कप्तान झाला, तो 21 व्या वर्षी. विजय मांजरेकर 55 कसोट्या खेळला, मुलगा संजय 37. लोक म्हणतात, रक्त बोलतं.

बोलत असेल. उंची, हाडपेर, स्नायूंचा पोत आईबापाकडून येतो, हे विज्ञान सांगतं, ते मी नाकारत नाही. पण बापाबरोबर घरात बॅट येते, मैदानाचं फाटक उघडतं, पाय कुठं चुकला ते सांगणारा माणूस जेवणाच्या ताटाला बसलेला असतो. हे कुठल्या रक्तातून येतं?

सचिन तेंडुलकरचे वडील मराठीचे प्राध्यापक आणि कवी. रक्ताच्या हिशेबानं पोरानं वृत्तं मोजायला हवी होती. त्यानं आंतरराष्ट्रीय शतकं मोजली, पुरी 100. थोरला भाऊ अजित त्याला शिवाजी पार्कात आचरेकर सरांकडे घेऊन गेला, हे विसरू नका.

आता आपला माणूस घ्या. पळवणकर बाळू, चांभाराचा पोर. पुण्यात साहेबांच्या क्लबात खेळपट्टीवर रोलर फिरवायचा, जाळी लावायचा. महिना 4 रुपये. ग्रेग नावाच्या साहेबाला तासन् तास बोलिंग टाकायचा; बॅट मात्र हातात कधी मिळाली नाही. त्या राबण्यातून त्याचा डावखुरा हात घडला. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्यानं 114 बळी घेतले. पुण्याच्या हिंदूंना त्याचे बळी चालायचे, पण चहा त्याला बाहेर, मातीच्या भांड्यात. हिंदू संघाचं कप्तानपद त्याला दिलंच नाही. शिवराम, गणपत, विठ्ठल हे त्याचे भाऊही खेळले. 1920 साली कप्तानपदाच्या अन्यायावर विठ्ठल-शिवराम संघातून बाजूला झाले, आणि 1923 साली विठ्ठल हिंदूंचा कप्तान झाला.

एका घरातून चार खेळाडू! आपल्यातलेच काही छाती फुगवून म्हणतील, बघा, आपलं रक्त! दोस्तहो, तिथंच सावध व्हा. बापाचा धंदा पोराच्या रक्तात असतो, हे तर मनूचंच गणित. 1936 साली बाबासाहेबांनी सांगितलं की जात ही नुसती श्रमाची नाही, श्रमिकांची वाटणी आहे. ते गणित आपण आपल्या अभिमानासाठी पुन्हा मांडायचं? बाळूनं भावांसाठी फाटकाची फट उघडली. तेवढी फट मिळाली तर चौघे आत गेले. फाटकाबाहेर किती राहिले, त्यांचे बळी कुठल्याच वहीत नाहीत.

रविवारी आमच्या वस्तीतली पोरं गोदीच्या भिंतीवर कोळशानं स्टंप काढून खेळतात. त्यात एक डावखुरा आहे. त्याचा बाप माझ्याबरोबर गोण्या उचलतो. पोराचा चेंडू टप्पा पडून असा वळतो की मी दोनदा त्रिफळाचीत झालो. त्याच्या रक्तात काय आहे ते मला तपासायचं नाही. त्याला सिझनचा चेंडू पाहिजे, बूट पाहिजेत, आणि मैदानाच्या फाटकावर अडवणारा वॉचमन बाजूला झाला पाहिजे.

उद्या मुकादम त्यालाही म्हणेल, रक्तातच हाय. त्याच्या आत आपण फाटकापाशी पोचलं पाहिजे.

जय भीम!