संगणकाचा प्राण आणि त्याचे मोल



संगणकाचे सुटे भाग विकत आणून ते जोडून घेण्याचा प्रघात आपल्या देशात आता चांगलाच रुळला आहे. दिल्लीचे नेहरू प्लेस, मुंबईचा लॅमिंग्टन रोड, चेन्नईची रिची स्ट्रीट किंवा बेंगळुरूचा एस. पी. रोड येथे प्रोसेसर, मदरबोर्ड, मेमरी यांच्या किमतींची घासाघीस करून गिऱ्हाईक चार पैसे वाचवते. परंतु सारे भाग जोडून झाले तरी एक गोष्ट उरतेच. ती डोळ्यांना दिसत नाही, आणि म्हणूनच अंदाजपत्रकात तिचा हटकून विसर पडतो. ही गोष्ट म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजेच संचालन प्रणाली. कळफलकावर उमटवलेले अक्षर पडद्यावर आणणे, लिहिलेला मजकूर डिस्कवर जागच्या जागी ठेवणे, एकाच वेळी चालणाऱ्या अनेक कामांना प्रोसेसरचा वेळ वाटून देणे, हे सारे तीच करते. तिच्यावाचून संगणक म्हणजे प्राणाविना कुडी होय.

हा प्राण परवडेल अशा मोलाने कसा मिळवावा, एवढाच आजचा प्रश्न आहे. माझा व्यवसाय अनुवादाचा. तेव्हा या विषयाकडे मी यंत्रज्ञाच्या नव्हे, तर शब्दांवर पोट भरणाऱ्याच्या दृष्टीने पाहणार आहे.

बाजारात प्रथम जो मार्ग सुचवला जातो तो सर्वांत स्वस्त आणि सर्वांत महाग, दोन्ही आहे. ‘विंडोज टाकून देतो, वेगळे पैसे नकोत,’ असे दुकानदार सहजपणे म्हणतो. ही प्रत बहुधा विनापरवाना असते. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९८४ च्या दुरुस्तीने संगणकाच्या आज्ञावलींचा समावेश झाला. पुढे १९९४ च्या दुरुस्तीने त्यात कलम ६३ ब घालण्यात आले. अनधिकृत प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्यास या कलमान्वये किमान सात दिवस ते कमाल तीन वर्षे कारावास आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. वापर धंद्यासाठी किंवा लाभासाठी नसेल तर न्यायालय कारावास न देता पन्नास हजार रुपयांपर्यंतच्या दंडावर भागवू शकते. शिक्षेचे भय बाजूला ठेवले तरी एक प्रश्न उरतो. आपल्या पुस्तकाची चोरटी आवृत्ती पदपथावर दिसली की आपण लेखक-अनुवादक संतापतो. त्याच पुस्तकाचे हस्तलिखित आपण चोरट्या प्रणालीवर टंकलिखित केले असेल, तर त्या संतापाला कोणता नैतिक आधार उरतो? शिवाय अशा प्रतीत कोणी काय मिसळले आहे हे कळण्यास मार्ग नसतो. वर्षभराचे काम एका रात्रीत नाहीसे झाले, तर वाचवलेले पैसे काय कामाचे?

दुसरा मार्ग रीतसर खरेदीचा. येथे परवान्यांतील भेद समजून घेणे अगत्याचे आहे. विंडोजचा किरकोळ विक्रीचा परवाना महाग असतो, पण संगणक बदलला तर तो जुन्या यंत्रावरून काढून नव्यावर नेता येतो. यंत्रासोबत दिला जाणारा ओईएम परवाना स्वस्त असतो, पण तो त्या एका यंत्राशी, व्यवहारात मदरबोर्डशी, जखडलेला असतो. मदरबोर्ड बदलला की प्रश्न उभा राहतो. तिसरा प्रकार मोठ्या संस्थांना एकगठ्ठा दिल्या जाणाऱ्या परवान्यांचा. काही शे रुपयांत जी ‘किल्ली’ विकली जाते, ती पुष्कळदा अशाच गठ्ठ्यातून फुटून बाहेर आलेली असते आणि पुढे केव्हाही रद्द होऊ शकते. पावती हाती आली म्हणजे परवाना हाती आला, असे समजू नये. जुन्या आवृत्तीवर भिस्त ठेवण्यातही अर्थ नाही, कारण विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे.

तिसरा मार्ग मुक्त प्रणालींचा. त्याचा इतिहास थोडक्यात सांगितला पाहिजे. १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन टॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स ही प्रणाली रचण्यास आरंभ केला. बेलची मालक कंपनी एटी अँड टी हिला १९५६ च्या न्यायालयीन तडजोडीमुळे दूरसंचाराबाहेरचा व्यापार करता येत नव्हता. त्यामुळे युनिक्स विद्यापीठांना नाममात्र शुल्कात, मूळ आज्ञावलीसह मिळू लागली आणि विद्यार्थ्यांच्या एका पिढीने ती वाचून विद्या मिळवली. १९८४ मध्ये कंपनीचे विभाजन होऊन ते बंधन सुटले आणि युनिक्स बाजारात मालाप्रमाणे विकली जाऊ लागली. त्याच सुमारास, सप्टेंबर १९८३ मध्ये, रिचर्ड स्टॉलमन यांनी युनिक्ससारखीच पण सर्वांना मुक्त असलेली ग्नू ही प्रणाली रचण्याचा संकल्प जाहीर केला. १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टॉरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने तिला उणा असलेला गाभा लिहिला. तोच लिनक्स होय.

येथे अनुवादकाच्या दृष्टीने एक मौजेची गोष्ट आहे. इंग्रजीत ‘फ्री’ या एकाच शब्दात फुकट आणि स्वतंत्र असे दोन्ही अर्थ दडले आहेत, आणि त्यामुळे स्टॉलमन यांना आयुष्यभर खुलासे करावे लागले. मराठीत ही अडचण नाही. आपल्याजवळ ‘मोफत’ आहे आणि ‘मुक्त’ही आहे. लिनक्सच्या पहिल्या परवान्यात तिच्या वाटपासाठी पैसे घेण्यास मनाई होती, म्हणजे ती सक्तीने मोफत होती. १९९२ मध्ये टॉरव्हाल्ड्स यांनी ग्नूचा सार्वजनिक परवाना स्वीकारला. त्यानुसार पैसे घेण्यास हरकत नाही, मात्र घेणाऱ्याला आज्ञावली वाचण्याचा, बदलण्याचा आणि पुढे वाटण्याचा हक्क दिलाच पाहिजे. या बदलानंतरच ती जगभर फोफावली. मोफतपणा हे मुक्ततेचे फळ आहे, तिचे मूळ नव्हे.

आपल्या देशातही हे बीज रुजले आहे. सी-डॅक या सरकारी संस्थेने डेबियन लिनक्सवर आधारलेली ‘बॉस’ ही प्रणाली २००७ मध्ये प्रसृत केली. तीत मराठीसह अनेक भारतीय भाषांची सोय आहे. केरळमधील सरकारी शाळांतून विद्यार्थी मुक्त प्रणालीवरच संगणक शिकतात. केंद्र शासनानेही २०१५ मध्ये मुक्त आज्ञावलींना प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले.

तथापि कोणतीही गोष्ट सर्वांस सारखीच मानवते असे नाही. ज्यांचे काम लेखन, वाचन, पत्रव्यवहार, हिशेबाचे साधे तक्ते एवढेच आहे, त्यांना उबुंटू, मिंट किंवा डेबियन यांपैकी कोणतीही प्रणाली पुरेशी आहे. परंतु जुन्या, युनिकोडपूर्व मराठी फाँटांत ज्यांची वीस वर्षांची हस्तलिखिते अडकली आहेत, ज्यांचा मुद्रक विशिष्ट पानजुळणीचाच आग्रह धरतो, किंवा ज्यांचा हिशेबनीस केवळ विंडोजवर चालणारी आज्ञावली वापरतो, त्यांनी रीतसर परवाना विकत घेणेच श्रेयस्कर. तो खर्च अंदाजपत्रकात पहिल्या दिवशीच मांडावा. तसेच जुना मजकूर युनिकोडमध्ये आणण्याचे काम आजच आरंभावे, कारण मजकूर एका यंत्राचा बंदिवान राहणे हीच खरी परवडेनाशी गोष्ट आहे. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासून आहे, इनस्क्रिप्ट कळफलक दोन्हीकडे सारखाच चालतो, आणि मुंबईच्या एक टाइपने घडवलेल्या ‘मुक्ता’सारखे मुक्त परवान्याचे फाँटही उपलब्ध आहेत.

ज्यांना निर्णय करवत नाही त्यांच्यासाठी एक सोपी रीत आहे. प्रणाली तिच्या अधिकृत स्थळावरूनच उतरवून घ्यावी, ती आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर चढवावी आणि संगणक त्यावरूनच सुरू करावा. डिस्कवरील काहीही न पुसता तिचा अनुभव घेता येतो. आपला प्रिंटर छापतो का, वायफाय जोडले जाते का, जोडाक्षरे नीट उमटतात का, हे तासाभरात कळते. सुटे भाग घ्यायचे असतील तर वायफाय कार्ड आणि प्रिंटर यांची चौकशी खरेदीपूर्वीच करावी. पटले तर ठेवावी, न पटल्यास परवाना विकत घ्यावा. दोन्हींत कमीपणा नाही.

मित्रहो, पुस्तक विकत घ्यावे, ग्रंथालयातून आणावे किंवा लेखकाने आपणहून वाटलेले स्वीकारावे, हे तिन्ही मार्ग आपण सन्मानाचे मानतो. चोरून नेलेले पुस्तक मात्र कितीही प्रेमाने वाचले तरी चोरीचेच राहते. संगणकाच्या प्राणालाही हाच न्याय लावला, तर आपल्या खिशाला आणि आपल्या व्यवसायाच्या प्रतिष्ठेला दोहोंनाही परवडेल असा मार्ग सापडण्यास अडचण पडणार नाही.