आधी गिअरबॉक्सचं मागचं टोक



गोव्यात पेडणे आणि डिचोलीच्या आडवाटांवर जुनी जीप अजून राबते आहे. काजूच्या बागायतीत, चिऱ्यांच्या खाणीवर, सड्यावरच्या अरुंद रस्त्यांवर ती दिसते. तिच्या बॉनेटखाली मात्र कंपनीनं दिलेलं इंजिन असेलच असं नाही. कुणी पेट्रोल परवडेना म्हणून डिझेल बसवलेलं असतं, तर कुणाला जुन्या इंजिनाचे सुटे भाग मिळेनासे झालेले असतात. अशा बदलाची बोलणी निघाली की सगळा वेळ इंजिनावर जातो. किती सीसीचं, कुठल्या गाडीचं, केवढ्याला मिळालं. गिअरबॉक्सचा विषय निघतो तो इंजिन गॅरेजात येऊन पडल्यावर. मला हा क्रम उलटा हवा असं वाटतं. आधी ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांना ताकद वाटून देणारी पेटी, बघावी, तिला कुठला गिअरबॉक्स जुळेल ते ठरवावं आणि त्या गिअरबॉक्सला पेलेल असं इंजिन शोधावं.

का, ते सांगतो. महिंद्रांनी १९४७ साली विलिस जीप भारतात आणली. पुढे जी सीजे-३बी घरोघरी माहीत झाली, तिच्यात २.२ लिटरचं पेट्रोल इंजिन आणि टी-९० नावाचा तीन वेगांचा गिअरबॉक्स होता. त्या गिअरबॉक्सच्या पाठीलाच ट्रान्सफर केस बोल्टांनी जोडलेली असते. दोन्हींमध्ये वेगळा शाफ्ट नसतो. गिअरबॉक्सच्या मुख्य शाफ्टचं मागचं टोक थेट ट्रान्सफरमध्ये शिरतं आणि ट्रान्सफरचा पहिला गिअर त्याच टोकाच्या स्प्लाइनवर, म्हणजे लांबट खाचांवर, बसतो. म्हणजे दुसरा कुठलाही गिअरबॉक्स लावायचा तर त्याच्या शाफ्टला तेच टोक हवं, तेवढ्याच लांबीचं, त्याच स्प्लाइनचं.

मोटारगाडीच्या गिअरबॉक्सचं तसं नसतं. काँटेसा आणि अँबॅसॅडरमध्ये इसुझूचं दोन लिटरचं डिझेल इंजिन आलं, आणि आपल्याकडच्या पुष्कळ जीपगाड्यांत ते जाऊन बसलं. इंजिन गुणी आहे. पण मोटारीच्या गिअरबॉक्सला मागे लांब शेपूट असतं, कारण त्याला फक्त मागची चाकं चालवायची असतात. ते शेपूट कापून नवं टोक करणं हे निष्णात लेथवाल्याचं काम आहे. ते टाळून काही जण ट्रान्सफरच काढून टाकतात. मग दिसायला जीप उरते, पण पुढची चाकं नुसती मागच्यांबरोबर गडगडत जातात. शिरगाव-मयेच्या तांबड्या चिखलात ती पहिल्याच चढाला अडते.

जिप्सीवाल्यांचं काम त्या मानानं सोपं. मारुतीनं १९८५ मध्ये जिप्सी आणली, तिची ट्रान्सफर केस गिअरबॉक्सपासून सुटी, चासीला वेगळी टांगलेली असते. मध्ये एक आखूड प्रॉपेलर शाफ्ट. त्यामुळे इंजिन आणि त्याचा मूळ गिअरबॉक्स अशी जोडीच्या जोडी बसवता येते, आणि मधला शाफ्ट मापाप्रमाणे करून घेतला की झालं. असं करता येत असेल तर तेच करावं, हे माझं ठाम मत आहे. इंजिन आणि गिअरबॉक्स कारखान्यानं एकमेकांसाठी बनवलेले असतात. फ्लायव्हील, क्लचप्लेट, पायलट बेअरिंग सगळं जुळलेलं असतं. ही जोडी फोडली की दोन्ही जोडायला अडॅप्टर प्लेट आली. ती प्लेट केंद्रापासून केसभर जरी सरकली तरी गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट तिरका फिरतो, बेअरिंग ओरडू लागतं आणि क्लचप्लेट पुन्हा पुन्हा जाते. प्लेट बसवल्यावर डायल गेजनं केंद्र तपासून घ्या. नुसतं डोळ्यांनी बघून भागत नाही.

आता ताकदीचं. सीजे-३बीच्या इंजिनाचा टॉर्क, म्हणजे शाफ्टला पीळ देणारी ताकद, सुमारे १५५ न्यूटन-मीटर. महिंद्रांच्या २०१० सालच्या थार सीआरडीईचा २४७, म्हणजे दीडपटीहून जास्त. जुन्या टी-९० वर हे इंजिन घातलं तर सपाट रस्त्यावर कदाचित काही होणार नाही. दात तुटतात ते चिखलात. चाक मोकळं गरागरा फिरत असतं आणि अचानक खालचा जांभा पकडतं. तो झटका उलटा गिअरबॉक्सपर्यंत येतो. महिंद्रांनी स्वतः एमएम-५४० मध्ये प्यूजोचं डिझेल इंजिन दिलं, तेव्हा त्याच्यामागे चार वेगांचा गिअरबॉक्स होता, आणि थारला पाच वेगांचा. इंजिन वाढलं तसा गिअरबॉक्सही वाढला.

किती वेगांचा घ्यावा? थोडा हिशेब करू. सीजे-३बीचा पहिला गिअर २.८, ट्रान्सफरचा लो २.४६ आणि ॲक्सलचं गुणोत्तर ५.३८. यांचा गुणाकार सुमारे ३७ येतो. म्हणजे चाक एकदा फिरायला इंजिन ३७ वेळा फिरतं. मिनिटाला १,००० फेऱ्यांवर ही गाडी ताशी साडेतीन-चार किलोमीटरनं, माणसाच्या चालीनं जाते. दगडगोट्यांच्या उतारावर ब्रेकला हात न लावता उतरायचं तर एवढी संथ चाल हवीच. नवा गिअरबॉक्स घेताना हा गुणाकार करून बघा. तो तिशीच्या खाली घसरत असेल तर दुसरा गिअरबॉक्स शोधा. दुसऱ्या बाजूला, त्याच जुन्या ॲक्सलवर तिसऱ्या म्हणजे सरळ गिअरमध्ये ३,००० फेऱ्यांना वेग साधारण ताशी ७५ किलोमीटर मिळतो. डिझेल इंजिनाला याहून वर पळवत ठेवणं बरं नाही. धारगळहून पणजीला महामार्गानं जाणाऱ्याला पाचवा गिअर म्हणूनच लागतो. तेवढ्याच फेऱ्यांत तो नव्वदीपर्यंत नेतो.

पण पाचवा गिअर लांबी वाढवतो. सीजे-३बीच्या दोन ॲक्सलांमधलं अंतर ८० इंच. गिअरबॉक्स चार इंच लांब झाला की मागचा प्रॉपेलर शाफ्ट तेवढाच आखूड होतो, तिरका बसतो आणि त्याचे क्रॉस लवकर जातात. शिवाय या जीपच्या पुढच्या ॲक्सलचा डिफरन्शियल उजव्या बाजूला आहे. वेगळी ट्रान्सफर घ्यायची असली तर तिचं पुढचं तोंडही उजवीकडेच हवं. ही मापं टेपनं घ्यायची आहेत, आणि तीही पैसे मोजण्याआधी.

ऑटोमॅटिकबद्दलही तरुण मुलं विचारतात. २०२० च्या नव्या थारमध्ये तो आल्यापासून ओढा वाढला आहे. चिखलात टॉर्क कन्व्हर्टर खरोखर सुखाचा असतो. क्लच जळत नाही, ताकद मऊ लागते. पण तेल तापतं, त्याला वेगळा कूलर हवा, इलेक्ट्रॉनिक मेंदू हवा, आणि बॅटरी बसली तर ढकलून गाडी सुरू होत नाही. जुन्या जीपला मी तो सुचवणार नाही.

आता कायद्याचं. मलेशियात १९९७ साली सुरू झालेली रेनफॉरेस्ट चॅलेंज ही चिखलातल्या गाड्यांची स्पर्धा २०१४ मध्ये भारतात आली ती गोव्यात, ऐन पावसाळ्यात. अशा स्पर्धेसाठी बांधलेली गाडी ट्रेलरवरून नेता येते. तुमची जीप मात्र रस्त्यावर धावणार. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत बदल मालकाला करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हेच ठासून सांगितलं. इंजिनाचा नंबर आरसी बुकात असतो. म्हणून इंजिन विकत घेण्याआधी आरटीओत विचारा, आणि इंजिनाची पावती जपून ठेवा.

आपल्याकडे लेथवर असलं काम करणारी माणसं आहेत, ही मोठी जमेची बाजू. डिचोलीच्या गॅरेजांनी वर्षानुवर्षं खनिजाचे टिप्पर उभे केले. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या, आणि टिप्पर दारात उभे राहिले, तेव्हा त्या हातांचं काम आटलं. गिअरबॉक्सचा मुख्य शाफ्ट तासून घ्यायचा तर लांबच्या शहरात पाठवण्याआधी त्यांच्याकडे जाऊन बघा.

शेवटी पावसाळ्यापूर्वीची एक गोष्ट. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफरच्या डोक्यावर हवा सुटायला ब्रीदर असतो. ओढ्यात तापलेला गिअरबॉक्स एकदम थंड होतो आणि ब्रीदरमधून पाणी आत ओढतो. तेल दुधाळ होतं आणि बेअरिंगला गंज चढतो. ब्रीदरला रबरी नळी लावून ती बॉनेटखाली फायरवॉलपर्यंत वर न्या. खर्च थोडा आहे, आणि गिअरबॉक्स नवा बसत असतानाच, बोल्ट आवळण्याआधी, हे काम सर्वांत सोपं जातं.