बाई वाचायला कुठं बसते?

(आमच्या मंडळाच्या वाचक गटाच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा हा मजकूर.)



मेळाव्याच्या पत्रकात माझ्या भाषणाचा विषय 'माझं वाचन' असा छापला आहे. या विषयावर बोलायला उभं राहिलं की माणसं पुस्तकांची यादी सांगतात. कोणतं पुस्तक कितव्या वर्षी वाचलं, कोणत्या लेखकानं कसं झपाटून टाकलं, वगैरे. अशा यादीतून माणसाची आवड कळते, पण त्याचं घर कळत नाही. म्हणून यादी मी आज बाजूला ठेवते आणि वेगळेच प्रश्न विचारते. घरात पुस्तक कोण आणायचं? ते कुणाच्या नावावर यायचं? घरातली बाई ते कधी वाचायची, कुठं बसून वाचायची, आणि कुणाची चाहूल लागली की मिटायची? या प्रश्नांची खरी उत्तरं दिली, तर आपली ऐपत, आपली जात, आपल्या घरातलं आपलं स्थान, सगळं त्यात येतं.

माझ्या घरापासूनच सुरुवात करते. आमचं घर सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचं. सवर्ण, पण ओढगस्तीचं. वडील कचेरीत कारकून. घरात आजी, आई, आम्ही दोघी बहिणी आणि एक भाऊ.

आजीला अक्षरओळख नव्हती. पण देवळातली पोथी ऐकून ऐकून शिवलीलामृताचा अकरावा अध्याय तिला तोंडपाठ झाला होता. सोमवारी ती पोथी पुढ्यात उघडून ठेवायची, ओळीखालून बोट फिरवायची आणि नेमकं जिथं उलटायचं तिथंच पान उलटायची. लहानपणी आम्हाला वाटायचं, आजी वाचतेय. तिचे दोन्ही भाऊ शाळेत गेले होते. 1951 च्या जनगणनेत देशातल्या 100 बायकांमागे 9 जणीही साक्षर नव्हत्या. आमची आजी उरलेल्या 91 मधली.

आई चौथी शिकलेली. तिला वाचता येत होतं, पण वाचायला बसता येत नव्हतं. या 'बसण्या'कडे जरा लक्ष द्या. "पुस्तक घेऊन बसलीय" हे आमच्या आळीत बाईबद्दल म्हटलं जायचं ते तक्रारीच्या सुरात. बाईनं नुसतं बसायला कुणाची हरकत नसायची. तांदूळ निवडायला बसावं, वाती वळायला बसावं, स्वेटर विणायला बसावं. हातात काम असलं की बसणं माफ! मग आईनं आपल्या वाटा शोधल्या. मेथी निवडायला ती पेपर पसरायची आणि निवडता निवडता वाचायची. भाजीखाली दडलेली बातमी दिसावी म्हणून जुडी इकडून तिकडं सरकवायची. वाण्याकडून आलेल्या पुड्यांचे कागद ती कधी चुरगाळायची नाही, हातानं सपाट करून फडताळात ठेवायची. त्यामुळे कितीतरी गोष्टींची सुरुवात तिला ठाऊक होती आणि शेवट ठाऊक नव्हता. उरलेलं पान दुसऱ्या कुणाच्या तरी डाळीबरोबर गेलेलं असायचं. शेवट काय झाला असेल, यावर भाकरी थापताना ती आम्हा मुलींशी बोलत राहायची.

गावात वाचनालय होतं. वर्गणी वडिलांच्या नावावर. कचेरीतून येताना ते पुस्तक बदलून आणायचे. स्वतःसाठी बाबूराव अर्नाळकरांची रहस्यकथा आणि आईसाठी 'बायकांचं' म्हणून एखादं मासिक. वडील वाईट नव्हते. आठवणीनं आणायचे, हे त्यांच्याबाजूनं सांगायलाच हवं. पण तुला काय हवं, असं त्यांनी आईला कधी विचारलं नाही, आणि असं काही सांगायचं असतं हे आईलाही सुचलं नाही. ती स्वतः का गेली नाही, असं तुम्ही विचाराल. वाचनालय संध्याकाळी पाच ते आठ उघडं असे. त्या वेळी घराघरांतल्या चुली आणि स्टोव्ह पेटलेले. 'बायकांना बंदी' अशी पाटी कुठंच नव्हती. तिची गरजच नव्हती.

भावाची गोष्ट निराळी. तो मॅट्रिकला गेला तेव्हा घरात टेबल आलं, त्यावर दिवा आला. तो वाचायचा त्याला 'अभ्यास' म्हणायचे. त्या दिव्याखाली त्यानं कादंबरी धरली तरी आम्हाला दटावणी व्हायची, "हळू बोला, तो वाचतोय." आम्ही वाचायचो त्याला 'नाद' म्हणायचे. आमच्या हातात पुस्तक दिसलं की सगळ्यांना कामं आठवायची. त्यातून मला जी सवय लागली ती अजून आहे. वाचताना माझा एक कान घराकडे असतो. दार लावून, एकटी बसले तरी असतो. बहिणीला दुसरी सवय. ती आधी पुस्तकाचं शेवटचं पान वाचते. लोक तिला हसतात, उतावळी म्हणतात. ती म्हणते, "पुस्तक पुरं होईपर्यंत घरात राहील याचा भरवसा नसायचा. निदान शेवट तरी कळायला हवा ना!" लोकांना हा तिचा स्वभाव वाटतो. मला त्यात आमचं घर दिसतं.

हे आमच्याच घरात होतं असं नाही. रमाबाई रानड्यांचं 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे पुस्तक 1910 साली आलं. 1873 साली, वयाच्या अकराव्या वर्षी, त्यांचं लग्न महादेव गोविंद रानड्यांशी झालं. नवरा शिकवायला उत्सुक, पण घरातल्या वडीलधाऱ्या बायकांचा त्या शिकण्याला कडवा विरोध. टोमणे, अबोला, सगळं त्यांनी सोसलं. आपण त्या बायकांना सहज दुष्ट ठरवतो. पण त्यांना स्वतःला अक्षर मिळालं नव्हतं, आणि सून पुस्तक घेऊन बसली की तिच्या वाटणीचं काम कुणाच्या तरी अंगावर पडणारच. पुरुषानं उदार होऊन बायकोच्या हाती पुस्तक दिलं, पण हातातलं काम कुणी वाटून घेतलं नाही, तर बायकाच एकमेकींच्या समोर उभ्या राहतात. आजही राहतात.

आता एक महत्त्वाची गोष्ट. आमच्या आईच्या पुड्यांच्या कागदांचं मी कौतुक सांगितलं. असेच कागद आमच्याच जिल्ह्यात, फलटणला, आणखी एक बाई वाचत होती. बेबीताई कांबळे. त्यांचं छोटं दुकान होतं. पुड्या बांधायला आणलेली रद्दी त्या वाचत. पुढं त्यांनी लिहायला घेतलं, आणि लिहिलेलं कित्येक वर्षं घरात लपवून ठेवलं. 'जिणं आमुचं' हे त्यांचं आत्मकथन आधी 'स्त्री' मासिकातून आलं आणि 1986 साली पुस्तकरूपानं. कागद तसेच असले तरी दोघींची गोष्ट एक नाही. आमच्या घरात पोथी होती, वडिलांच्या नावाची वर्गणी होती. आमच्या आईला आडवं आलं ते बाईपण. बेबीताईंना बाईपणही आडवं आलं आणि जातही. 1855 साली फुल्यांच्या शाळेतल्या चौदा वर्षांच्या मुक्ता साळवेनं 'ज्ञानोदया'त निबंध लिहून विचारलं होतं, की वेद जर ब्राह्मणांचेच, तर आमच्याजवळ धर्माचं पुस्तकच नाही, मग आमचा धर्म कोणता? म्हणून 'आपण साऱ्या बायका सारख्याच' असं पटकन म्हणू नये. आपल्यातल्या काहींच्या फडताळात पुस्तक होतं, काहींना फडताळापर्यंतच येऊ दिलं नव्हतं.

तुम्ही म्हणाल, हे सगळं जुनं झालं. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या सुमारे 76 टक्के स्त्रिया साक्षर होत्या. खरं आहे. पण वाचायला अक्षर लागतं तसा वेळही लागतो. केंद्र सरकारनं 2019 साली लोकांच्या वेळेची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बाईची दिवसाला सरासरी 299 मिनिटं बिनपगारी घरकामात जातात, असं तीत आढळलं. घरकाम करणाऱ्या पुरुषाची 97. आणि असं काम करणारे पुरुष होते शंभरात सव्वीस! बायका 'हलकंफुलकं' वाचतात, पाककृती वाचतात, अर्धवट वाचतात, असं हिणवणाऱ्यांनी हा हिशेब मांडावा. दिवसाचे तुकडे झालेली बाई तुकड्यातच मावेल तेवढं वाचणार.

पुस्तकाच्या जागी आता मोबाइल आला. त्यावर वाटेल तितकं वाचता येतं म्हणतात. पण 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, देशातल्या 15 ते 49 वयाच्या स्त्रियांपैकी 54 टक्के जणींकडेच स्वतः वापरायचा मोबाइल होता. ज्यांच्याकडे आहे त्यांचाही फोन घरात कोण कोण उघडून बघतं? आपल्या गटातली एक मुलगी पांघरुणात फोन धरून कविता वाचते. तिच्या भावाला वाटतं, ती कुणाशी तरी बोलतेय. मोबाइल नवा असला तरी घरातली राखण जुनीच आहे.

आईबद्दल एक सांगायचं राहिलं. वडील गेल्यानंतर, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, माझ्या वहिनीनं तिला वाचनालयाची वर्गणी भरून दिली. आईच्या नावावर. आई पहिल्यांदा गेली तेव्हा तिथल्या बाईंनी विचारलं, "काय देऊ, आजी?" आई म्हणाली, "काहीही द्या." चार महिने ती 'काहीही' आणत होती. आयुष्यभर दुसऱ्यानं आणलेलं वाचणाऱ्या बाईला आपली आवड कुठून माहीत असणार? आपण आवडनिवड असा जोडशब्द वापरतो. माझ्या मते निवड आधी लागते, आवड मागून येते. चार महिन्यांनी आईनं स्वतः कपाटातून एक पुस्तक काढलं. ते प्रवासवर्णन होतं. पंढरपूरच्या पलीकडं न गेलेली माझी आई पुढची नऊ वर्षं प्रवासवर्णनं वाचत होती. नकाशा समोर घेऊन वाचायची. तिच्या पंचविशीत तिला हे कळलं असतं तर काय झालं असतं, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

म्हणून मंडळापुढं मी तीन सूचना ठेवते. आपली पुस्तकपेटी संध्याकाळी न उघडता दुपारी दोन ते चार उघडावी, आणि तिथं मुलांसाठी एक सतरंजी घालावी. दुसरी, नोंद बाईच्या स्वतःच्या नावावर करावी, 'अमक्यांच्या मिसेस' अशी करू नये. तिसरी, पुस्तक आपण निवडून देऊ नये. चांगलं काय आणि हलकं काय, हे ठरवायचा मोह आपल्यालाही होतो. बाईला कपाटासमोर उभं राहू द्यावं, लागेल तितका वेळ.

आणि घरी गेल्यावर आपल्या आईला, सासूला, सुनेला, घरी कामाला येणाऱ्या बाईला एकदा विचारा, "तुम्हाला काय वाचायला आवडतं?" उत्तर आलं नाही, तर तिला आवड नाही असं समजू नका. तिच्याकडे पुस्तक कधी, कुणाच्या हातून आलं, ते विचारा, आणि दुपारी तिला पेटीपाशी घेऊन या. सोमवारपासून किल्ली माझ्याकडे आहे.