पैनगंगेच्या दोन्ही काठांवर

विदर्भाचा विषय निघाला की लोक वेगळ्या राज्याबद्दल विचारतात. मला त्याहून जुन्या रेघेबद्दल बोलायचंय. यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिणेला पैनगंगा वाहते. 1853 मध्ये निजामानं वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या हवाली केला आणि नदी सरहद्द झाली. पलीकडे निजामाची मोगलाई. माहूरची रेणुकामाता त्या काठावर, तिची कितीतरी लेकरं या काठावर. हैदराबादच्या मुक्तिसंग्रामात तिकडच्या लढवय्यांची छावणी उमरखेडला होती.

1956 मध्ये किनवट-माहूर आपल्याकडे आलं, आदिलाबाद आंध्रात गेलं; 2014 पासून ते तेलंगणात आहे.

नदीवरून पलीकडे सरकलेल्या या रेघेचा जाच बंजाऱ्यांच्या तांड्याला विचारा. वर्षभरात मूल जन्मलं की होळीला त्याचा धुंड हा विधी असतो. आदिलाबादकडचे सोयरे येतात, रात्रभर लेंगी गाणी चालतात, गोरमाटी बोली दोघांची एकच. पण दाखल्यावर तिकडचा मामा अनुसूचित जमातीचा, पुसदचा भाचा विमुक्त जातीचा. गहुलीच्या तांड्यातले वसंतराव नाईक 1963 ते 1975 महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते, तरी हा फरक राहिलाच. जमातींची यादी राज्यवार असते आणि ती बदलते संसद.

रेघ जिल्ह्याच्या आतही होती. केळापूर, वणी, यवतमाळ या तालुक्यांतला गोंड सरकारी यादीत आदिवासी, पुसदचा नाही! माणूस तोच, देव तेच. 1976 च्या कायद्यानं ही तालुक्याची अट गेली.

आता बंजारा समाज निजामाच्या काळातल्या हैदराबाद गॅझेटचा दाखला देऊन जमातीच्या यादीत जागा मागतोय. गोंड-कोलाम म्हणतात, आमच्या वाट्याचं जाईल. आदिलाबादेत 2017 च्या अखेरीस गोंड आणि लंबाडा, म्हणजे तिकडचे बंजारा, समोरासमोर उभे ठाकले होते. कोलामांची धास्ती मला खरी वाटते. पोडावरचं, म्हणजे कोलाम वस्तीवरचं, पोरगं घरी कोलामी बोलतं आणि पहिलीत त्याच्या हाती मराठी पुस्तक पडतं. मागे पडायला तिथूनच सुरुवात होते. तांड्याचं दुखणंही खोटं नाही. आई-बाप ऊसतोडीला गेले की लेकरांची शाळा बुडते. वसतिगृहं आणि जागा न वाढवता नुसती यादी वाढवायची, म्हणजे दोन गरिबांना एकमेकांच्या अंगावर सोडायचं. ते मला मान्य नाही.

आपल्या व्हॉट्सअॅप गटांवर हा वाद दोन ओळींत निकालात निघतो. कृपा करून तसं करू नका. गावी जाल तेव्हा तांड्यावर जा आणि पोडावरही जा.