वाळलेलं पान आणि सांगणाऱ्याचं नाव

(हितचिंतकांच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण, थोडे संक्षिप्त करून)



आज मी तुम्हाला मुंबईतल्या काही कपाटांविषयी सांगणार आहे. तुम्ही म्हणाल, आदिवासी कल्याणाच्या मेळाव्यात कपाटं कुठून आली? थोडा धीर धरा.

धोबी तलावाला सेंट झेवियर्स कॉलेज आहे. तिथे ब्लॅटर हर्बेरियम नावाचा विभाग आहे. हर्बेरियम म्हणजे वाळवलेल्या झाडपाल्याचं दप्तरच. तलाठ्याकडे जसं जमिनीचं दप्तर असतं, तसं हे रानाचं. कपाटांत सुमारे दोन लाख नमुने कुळाकुळाप्रमाणे लावून ठेवलेले आहेत. अमुक झाड अमुक डोंगरावर अमुक साली होतं, याचा हा पुरावा. पुस्तकातलं चित्र चुकू शकतं, वर्णन अपुरं पडू शकतं. पान समोर असलं की वाद मिटतो.

सोळाव्या शतकात इटलीत लुका गिनी नावाचे प्राध्यापक होते. झाडं दाबून, वाळवून कागदावर डकवायची रीत त्यांच्यापासून रूढ झाली असं मानतात. रीत आजही जवळपास तीच आहे. फूल, फळ असलेली डहाळी घ्यायची, वर्तमानपत्राच्या घडीत नीट पसरायची, लाकडी जाळीच्या दोन चौकटींमध्ये घालून पट्ट्याने आवळायची. कागद रोज बदलायचे. पावसाळ्यात हे काम म्हणजे कसोटी, कारण एक दिवस चुकला की बुरशी आलीच! आणि आपल्याकडची निम्मी रानफुलं नेमकी पावसातच फुलतात. मग तो नमुना ४२ बाय २८ सेंटीमीटरच्या जाड कागदावर डकवायचा. पूर्वी किडीपासून राखण्यासाठी त्याला पाऱ्याचं विष लावत, म्हणून जुन्या नमुन्यांना हात लावला की हात धुवावे लागतात. शेवटी उजव्या कोपऱ्यात चिठ्ठी: शास्त्रीय नाव, स्थानिक नाव, ठिकाण, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव. या चिठ्ठीवर मी पुन्हा येणार आहे.

हा संग्रह ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते फादर एथेलबर्ट ब्लॅटर स्वित्झर्लंडचे जेझुइट. जन्म १८७७ चा. १९०३ साली ते मुंबईला आले, झेवियर्समध्ये शिकवू लागले, पुढे तिथले प्राचार्य झाले. ताडामाडांच्या जातींवर त्यांनी मोठा ग्रंथ लिहिला, काश्मीरच्या फुलांवरही लिहिलं. १९३४ साली ते वारले. त्यांच्यामागून आले स्पेनचे फादर हर्मेनेजिल्ड सांतापाव. खंडाळ्याच्या घाटातल्या वनस्पतींवरचा त्यांचा ग्रंथ अभ्यासक अजून उघडतात. स्वतंत्र भारताच्या सरकारने त्यांना भारतीय वनस्पती सर्वेक्षण खात्याच्या प्रमुखपदी बसवलं आणि १९६७ साली पद्मश्री दिली. झाडाचं नाव काढलं की फादरांची पावलं थांबायची, अशी त्या काळच्या धर्मगुरूंची एक जातच होती म्हणा ना.

आता मुद्द्यावर येते. सफेद मुसळी तुम्हाला माहीत आहे. ताकदीचं औषध म्हणून बाजारात तिला मोठी किंमत आहे. तिचं शास्त्रीय नाव क्लोरोफायटम बोरिविलियानम. हे बोरिविलियानम म्हणजे आपली बोरिवली! १९५० च्या दशकात फादर सांतापाव आणि त्यांचे सहकारी फर्नांडिस यांनी ही जात वेगळी ओळखून तिला हे नाव दिलं. बोरिवलीच्या त्या रानात वारल्यांचे पाडे तेव्हाही होते, आजही आहेत. याच मुसळीच्या कुळातल्या रोपांची कोवळी पानं आपल्या बायका पहिल्या पावसानंतर खुडून आणतात. कुठे तिला फोडशी म्हणतात, कुठे कुलू. म्हणजे शास्त्राच्या दृष्टीने जी वनस्पती नवी, तिची भाऊबंद मंडळी पाड्यावरच्या चुलीवर कधीपासून शिजत होती. पुढे बाजाराला मुसळीची मुळं हवीशी झाली. बी धरायच्या आधीच कंद उपटले जाऊ लागले, आणि रानातली मुसळी अनेक ठिकाणी दुर्मीळ झाली. आता तिची शेती करतात.

मी फादरांना दोष देत नाही. त्यांनी नाव दिलं नसतं तर ती नाहीशी होते आहे हेही कोणी नोंदवलं नसतं. पण कोपऱ्यातल्या त्या चिठ्ठीवर एक रकाना कमी आहे: सांगणाऱ्याचं नाव. जुन्या नमुन्यांवर साहेबाचं नाव असतं, फादरांचं असतं, प्राध्यापकांचं असतं. पुढे चालून वाट दाखवणारा, झाडावर चढून फांदी तोडणारा, "बाई, याची भाजी होते, त्याची नाही" असं सांगणारा माणूस तिथे फारसा सापडत नाही.

हे अशक्य होतं असं मात्र समजू नका. सतराव्या शतकात कोचीचा डच गव्हर्नर व्हॅन रीड याने मलबारच्या वनस्पतींवर 'हॉर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा ग्रंथ करवून घेतला. तो १६७८ ते १६९३ या काळात अ‍ॅमस्टरडॅमला छापला. सुरुवातीला मॅथ्यू नावाचे एक कार्मेलाइट मिशनरी त्याच्या मदतीला होते. पण झाडांची खरी माहिती इट्टी अच्युतन या मलयाळी वैद्याची. त्याचं निवेदन त्याच्याच लिपीत पहिल्या खंडात छापलेलं आहे. रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तीन कोकणी वैद्यांचं निवेदनही आहे, तेही नागरी अक्षरांत. साडेतीनशे वर्षांपूर्वी, व्यापारी कंपनीच्या माणसाला जे सुचलं ते आपल्याला का सुचू नये?

अलीकडची गोष्ट केरळातलीच. १९८७ साली अगस्त्यमलैच्या डोंगरात शास्त्रज्ञांची एक तुकडी फिरत होती. सगळे दमले, पण बरोबरचे कानी आदिवासी वाटाडे ताजेतवाने. ते चालता चालता कसली तरी लहान फळं खात होते. आधी ते सांगेनात, बाहेरच्याला सांगायचं नाही असा त्यांचा नियम होता. विनवण्या झाल्यावर कुट्टीमाथन कानी आणि मल्लन कानी यांनी ती वनस्पती दाखवली: आरोग्यपच्चा. नमुना वाळवला, तपासला, त्यातून 'जीवनी' नावाचं औषध निघालं. १९९५ साली दहा लाख रुपये आणि विक्रीवर दोन टक्के अशा बोलीवर ते एका औषध कंपनीला दिलं गेलं, आणि त्यातला निम्मा वाटा कानी लोकांचा ठरला. त्यासाठी १९९७ साली त्यांचा न्यासही झाला. जगभर या कराराचं कौतुक झालं. पण सगळ्या कानींना ते गुपित सांगणं मान्य नव्हतं, आणि पुढे पानं गोळा करण्यावरून वनखात्याशी अडलं. पैसा आला तो अपेक्षेपेक्षा थोडाच. तरीही वाटा मागायला आधार होता, कारण कोणी दाखवलं ते नावानिशी माहीत होतं.

आपल्या वसतिगृहांत येणाऱ्या मुलींना मी विचारते, शेवळं ओळखतेस का? चाईचा मोहर? बऱ्याच जणी आजीचं नाव सांगतात. "आजी ओळखते." ज्या दिवशी आजी जाईल त्या दिवशी ते कपाट बंद होईल, आणि त्याची किल्ली धोबी तलावालाही मिळणार नाही.

दवाखान्यातल्या सिस्टरांना यातली निकड अधिक कळेल. कळलावीचा कंद कोणी रताळं समजून खाल्ला तर जीव जातो. कडूकंद कापून, धुऊन, उकळून मगच खातात. त्यात कुचराई झाली की ओकाऱ्या ठरलेल्या. अशा वेळी रोग्याबरोबर झाडाचा तुकडा आणा म्हणून सांगावं, आणि तो ताडून पाहायला चार नमुने हाताशी असावेत. नुसत्या नावावर जाऊ नका. एका गावची ब्राह्मी दुसऱ्या गावी मंडूकपर्णी निघते.

म्हणून माझी मागणी साधी आहे. येत्या पावसाळ्यात प्रत्येक वसतिगृहात एक प्रेस असावा. लाकडी पट्ट्या, पट्टा आणि रद्दी, एवढंच लागतं. मुलींनी आजीबरोबर रानात जावं. एका झाडाच्या दोनच डहाळ्या घ्याव्यात, आणि झाड विरळ असेल तर एकही नाही, फोटो पुरे. कंद उपटू नये. चिठ्ठीवर आजीचं पूर्ण नाव, पाडा, तिच्या बोलीतलं झाडाचं नाव आणि तारीख लिहावी. भाजी असेल तर कृतीही लिहावी, ती उघडच आहे.

औषध असेल तर मात्र थांबावं. हे लिहू का, असं आजीला विचारावं. ती नको म्हणाली तर रकाना कोरा ठेवावा. २००२ च्या जैवविविधता कायद्याने ग्रामपंचायतीत समिती आणि लोकांची नोंदवही सांगितली आहे. गावाने ठरवलं तर ते ज्ञान तिथे नोंदवावं, आपल्या वार्तापत्रात छापू नये. आपल्यालाही छापायची घाई असते, म्हणून हे मुद्दाम बोलते.

एक नमुना वसतिगृहात राहील. दुसरा ओळख पटवण्यासाठी जवळच्या विद्यापीठाकडे किंवा पुण्याला वनस्पती सर्वेक्षणाच्या कार्यालयात न्यावा, आणि चिठ्ठीवरचं आजीचं नाव तिथल्या नोंदीतही उतरवून घ्यावं. ते उतरल्याशिवाय नमुना हातातून सोडू नये. शेवळं पहिल्या पावसात येतात आणि थोड्याच दिवसांत संपतात. तेव्हा पट्ट्या मे महिन्यातच कापून ठेवा.